थ्रिलर शॉर्टफिल्मसाठी 'टार्गेट ऑडियन्स' शोधायचा म्हणजे नक्की करायचं काय?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं मिळून नऊ मिनिटांची थ्रिलर करतोय. गोष्ट थोडक्यात अशी की एक मुलगी नवीन घरात एकटी राहायला आलीये, रात्री वरच्या मजल्यावर कुणीतरी चालल्याचा आवाज येतो आणि वरचं घर तर कित्येक महिने बंद आहे. शेवट सांगत नाही.

आता प्रॉब्लेम. फाइलमध्ये टार्गेट ऑडियन्सचा, म्हणजे फिल्म नेमकी कुणासाठी आहे याचा रिसर्च लावावा लागतो. तो खरं तर शूटच्या आधी करायचा होता पण आम्ही आधी शूट उरकलं (हो, माहितीये, ओरडू नका). मग घाईघाईत गूगल फॉर्म केला, दहा प्रश्न, ४१ उत्तरं आली. 'तुम्हाला थ्रिलर आवडतात का?' याला ४१ पैकी ३९ जण हो म्हणाले. 'थ्रिलरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय?' याला बहुतेकांनी 'स्टोरी' लिहिलं. मी छान रंगीत पाय चार्ट काढले, खाली लिहिलं 'आमचा टार्गेट ऑडियन्स: वय १५ ते ३५, स्त्री-पुरुष दोन्ही'. सरांनी त्या पानावर लाल पेनने एकच शब्द लिहून फाइल परत दिली: 'मग?'

तर मग काय करायचं असतं? रफ कट (पहिलं कच्चं एडिट) तयार आहे, सबमिशनला तीन आठवडे आहेत.

आगाऊ_कार्टा
३९ जण हो म्हणाले ना, उरलेल्या दोघांवर नजर ठेव. खुनी त्यांच्यातलाच असणार.

टिंबटिंब
रुमाल टाकून ठेवते. भाचा हेच शिकतोय, त्याला लिंक देईन.

पडद्यामागचा
सरांचा 'मग?' बरोबर आहे गं. तुझ्या फॉर्ममधलं एकही उत्तर असं नाही की जे वाचून तू फिल्ममधला एखादा शॉट बदलशील. रिसर्चची माझी साधी कसोटी आहे, उत्तर 'हो' आलं काय आणि 'नाही' आलं काय, मी तेच करणार असेन तर तो प्रश्न विचारायचाच कशाला? 'थ्रिलर आवडतात का' ला समजा ३९ जण नाही म्हणाले असते तर तू कॉमेडी केली असतीस का? नाही ना.

दुसरं म्हणजे लोकांना 'काय आवडतं' विचारलं की ते त्यांना जे आवडायला हवं असं वाटतं ते सांगतात. खोटं बोलत नाहीत, पण तोंडावर येतं ते तेच. आमच्या वेळी आम्हीही असाच फॉर्म फिरवला होता, कागदी, झेरॉक्स काढून. झाडून सगळ्यांनी लिहिलं की आम्हाला संथ, हळूहळू चढत जाणारी फिल्म आवडते. आम्ही खूश. चार मिनिटं एक बाई नुसती घड्याळाकडे बघतेय असं शूट केलं, फार मोठं काहीतरी करतोय अशा थाटात. हॉलमध्ये फिल्म लावली आणि तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत खोकल्याची साथ आली. ज्यांनी 'संथ आवडतं' लिहिलं होतं तेच खोकत होते!

त्यामुळे आवड विचारू नकोस, घडलेलं विचार. शेवटची थ्रिलर कुठली पाहिलीस, कधी, कशावर, कुणाबरोबर, शेवटपर्यंत पाहिलीस का मधेच सोडलीस, सोडलीस तर नेमकी कुठे? या 'कुठे सोडलीस' मध्ये सगळा माल आहे.

रात्रपाळी
@पडद्यामागचा, खोकल्याची साथ 😂 आमच्या फिल्ममध्ये २२ सेकंदांचा पॅसेजमधून चालत जायचा शॉट आहे, माझा सगळ्यात लाडका. आता धडधडायला लागलं.

आकडेमोड
४१ पैकी किती जण तुमच्या वर्गातले?

रात्रपाळी
@आकडेमोड अम्म... ३४.

आकडेमोड
हेच विचारायचं होतं. याला सोयीचा नमुना म्हणतात, हाताशी जे सापडले ते. घेऊ नये असं नाही, विद्यार्थ्यांकडे दुसरा उपाय नसतो, पण मग 'प्रेक्षकांना असं वाटतं' न लिहिता 'आमच्या वर्गाला असं वाटतं' लिहायचं. आणि तुमचा वर्ग म्हणजे फिल्म शिकणारी मुलं, म्हणजे नेमके तेच लोक जे सामान्य प्रेक्षकासारखी फिल्म बघूच शकत नाहीत, ते लाइट कुठे लावलाय ते बघतात.

आकड्यांचं म्हणाल तर ढोबळ हिशोब: एक भागिले n चं वर्गमूळ, n म्हणजे किती जणांनी उत्तर दिलं तो आकडा. ४१ जणांसाठी ते साधारण १५-१६ टक्के येतं. म्हणजे ५० टक्के लोक काहीतरी म्हणाले तर खरा आकडा ३५ पासून ६५ पर्यंत कुठेही असू शकतो. आणि हेसुद्धा नमुना चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तरच! मित्रांना व्हॉट्सॅपवर फॉर्म पाठवून आलेल्या उत्तरांना हे गणितही लागू नाही. शंभर जण गाठलेत तरी दहा टक्के इकडेतिकडे राहतंच. तेव्हा फॉर्म वाढवत बसण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा कमी लोक घ्या आणि नीट बोला.

पाय चार्टमध्ये टक्के लिहू नका ही हात जोडून विनंती. १२ जणांतले '७५ टक्के' म्हणजे नऊ माणसं. सरळ 'बारापैकी नऊ' लिहा, वाचणाऱ्याचा विश्वास उलट वाढतो.

भोचक_भवानी
मला हा सगळा प्रकारच पटत नाही. आधी विचारायचं की बाबा रे तुला कशाने भीती वाटते आणि मग त्यानेच घाबरवायचं? ह्यात कला कुठे आली? जे मनात आहे ते बनवा, ज्याला बघायचं तो बघेल. प्रेक्षकाला विचारून केलेलं सगळं शेवटी एकाच चवीचं होतं.

आगाऊ_कार्टा
भवानीताईंशी सहमत आणि पडद्यामागच्यांशीही सहमत. मी असाच आहे.

पडद्यामागचा
@भोचक_भवानी, बाकी कुठल्या प्रकाराबद्दल म्हणाला असतात तर कदाचित मान डोलावली असती पण थ्रिलर नाही हो. थ्रिलरचं यंत्रच प्रेक्षकाच्या डोक्यात चालतं. हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे: दोघं गप्पा मारतायत आणि अचानक स्फोट झाला तर १५ सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे आपल्याला आधी दाखवलं आणि त्या दोघांना माहीत नाही, तर त्याच रटाळ गप्पा १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो आपण. म्हणजे 'या क्षणाला बघणाऱ्याला काय माहितीये' हा प्रश्न सोडून दिग्दर्शकाकडे दुसरं उरतंच काय? त्याच माणसाने १९६० साली 'सायको'ला उशिरा येणाऱ्याला थिएटरात सोडायचं नाही असा नियम केला होता. प्रेक्षक कधी आत येतो इथपासून विचार!

विचारून गोष्ट ठरवू नये हे मान्य. पण आपण जे सांगतोय ते पोचतंय का हे तपासायला काय हरकत आहे?

भोचक_भवानी
आणि 'फेटल अट्रॅक्शन'चं काय? १९८७. आधीचा शेवट वेगळा होता, टेस्ट स्क्रीनिंगला (रिलीजआधी निवडक प्रेक्षकांना दाखवतात तेव्हा) लोकांना रुचला नाही म्हणून नवा शूट केला, बाथरूममधला. तोच गाजला म्हणा, पण मूळ शेवट जास्त खरा होता असं म्हणणारे आजही आहेत, मी त्यातली. म्हणजे माझंच म्हणणं.

पडद्यामागचा
गाजला की नाही?

भोचक_भवानी
गाजणं हेच माप असेल तर बोलणं खुंटलं.

खिडकीपाशी
तुम्ही दोघं भांडा निवांत, मी मूळ प्रश्नाकडे जाते.

'वय १५ ते ३५, स्त्री-पुरुष दोन्ही' हा ऑडियन्स नाही, ही जनगणना आहे. पंधरा वर्षांची मुलगी आणि पस्तिशीतला बाप यांच्यात समान काय? वय-लिंग-शिक्षण हे वरचं साल. त्याच्या आत 'हा माणूस थ्रिलर का लावतो' हे आहे. मास कम्युनिकेशनच्या पुस्तकात कॅट्झ, ब्लमलर वगैरे मंडळींचं १९७० च्या दशकातलं काम असतं ना, माध्यम लोकांचं काय करतं ते सोडा, लोक माध्यमाचं काय करतात ते बघा, ते इथे चपखल बसतं.

मी आजूबाजूला बघते त्यात साधारण तीन तऱ्हा दिसतात. एक कोडं सोडवणारे, यांना भीतीशी काही देणंघेणं नसतं, पाचव्या मिनिटाला 'तोच आहे' म्हणायचं असतं आणि क्लू लपवलात तर चिडतात. दुसरे झिणझिण्या हव्या असलेले, दिवसभर कंटाळलेले, यांना कोण-कशाला याची फिकीर नसते. आणि तिसरे सोबतीने बघणारे, यांच्यासाठी फिल्म हे निमित्त, एकमेकांना धरून किंचाळायचं आणि नंतर दोन तास चर्चा. एकच माणूस सोमवारी कोडंवाला आणि शनिवारी किंचाळणारा असू शकतो ही गोष्ट वेगळी.

तुझी फिल्म यातल्या कुणासाठी आहे? बंद घरातून आवाज म्हणजे मला तर कोडंवाले आणि झिणझिण्यावाले यांच्यात लटकलेली वाटतेय.

रात्रपाळी
@खिडकीपाशी, आई गं. आमच्या चौघांतच यावरून दोन तट आहेत, एडिटर म्हणतो कोडं आहे, मी म्हणते भीती. म्हणजे आमचं आमच्यातच ठरलं नाहीये हे आत्ता कळतंय.

मठ्ठ_मांजर
मी प्रेक्षक म्हणून बोलतो, फिल्मबिल्म कळत नाही. मी सगळं फोनवर बघतो, एका कानात इयरफोन, दुसरा कान घरच्यांसाठी मोकळा कारण हाक आली तर ओ द्यावी लागते. तुमच्या थ्रिलरवाल्यांचे सगळे सीन काळेकुट्ट. खिडकीतून उजेड येत असेल तर मला पडद्यावर फक्त माझंच तोंड दिसतं. तेही तसं थ्रिलरच आहे.

कट_टू
मांजराने लाखमोलाचं सांगितलंय आणि हे कुणीच फॉर्ममध्ये विचारत नाही. 'कशावर बघता, कुठे बसून बघता' हा प्रश्न पहिला हवा.

@रात्रपाळी, तुझी अख्खी फिल्म वरच्या मजल्यावरच्या पावलांवर उभी आहे ना? लाकडी धप-धप असा खालचा, जड आवाज असेल तर एडिटच्या हेडफोनवर भारी वाटेल पण फोनच्या स्पीकरमधून तो जवळजवळ येतच नाही, त्या एवढ्याशा स्पीकरला खालचे आवाज झेपतच नाहीत. म्हणजे बघणाऱ्याला पाऊलच ऐकू आलं नाही आणि पोरगी उगाच छताकडे बघून घाबरतेय. यावर उपाय म्हणजे त्याच पावलात थोडी वरच्या पट्टीतली करकर मिसळ, चप्पल घासल्यासारखी, लाकूड कुरकुरल्यासारखी. आणि फायनल करण्याआधी एकदा फोन टेबलावर ठेवून ऐक.

आधीची एखादी फिल्म यूट्यूबवर टाकलेली असेल तर तिथला रिटेन्शनचा आलेख बघ, लोक कुठल्या सेकंदाला सटकले ते रेघ सांगते. का सटकले ते मात्र रेघ सांगत नाही, ते माणसालाच विचारावं लागतं. आणि व्ह्यूज पन्नासच असतील तर त्या रेघेवर फार जीव टाकू नको, आकडेमोड रागावतील.

आकडेमोड
रागावणार.

टिंबटिंब
अवांतर: लोकांना रफ कट दाखवला तर शेवट फुटणार नाही का? मग फायनल बघताना मजा काय?

मोडका_पंखा
फुटला तर फुटला. शेवट माहीत असला तरी मजा जात नाही असा अभ्यास आहे, लेविट आणि क्रिस्टनफेल्ड, २०११, लघुकथा घेऊन केला होता. आधीच शेवट सांगितलेल्या लोकांना कथा सरासरीने उलट थोड्या जास्तच आवडल्या.

भोचक_भवानी
तो अभ्यास करणाऱ्यांना माझ्या नवऱ्याबरोबर एक सिनेमा बघायला पाठवा.

आगाऊ_कार्टा
@भोचक_भवानी 😂😂 धाग्याचं नाव बदला.

कट_टू
अभ्यास लघुकथांवर होता, थ्रिलर फिल्मवर नव्हता हे विसरू नका. पण त्यात तथ्य आहे, आपण तीच फिल्म तिसऱ्यांदा बघतानाही दार उघडायच्या वेळी श्वास धरतोच की.

@टिंबटिंब, ज्यांना रफ कट दाखवला त्यांचा फायनलच्या वेळी उपयोग नाही हे मात्र खरं. पहिल्यांदा बघणारा माणूस एकदाच मिळतो. म्हणून सगळे एका दमात संपवायचे नाहीत. पाच आत्ता, सुधारणा करून पाच नंतर, असे वाटून घ्यायचे.

पडद्यामागचा
हेच लिहायला आलो होतो. आणि दाखवताना तू पडद्याकडे बघायचं नाहीस, बघणाऱ्याकडे बघायचं. एकेकाला बसव, गटात नको, गटात एक हसला की सगळे हसतात. बाजूला बस, हातात कागद, फक्त वेळ टिपायची: २:१० ला खुर्चीत सरकला, ३:०५ ला फोन उचलला, ४:३० ला हात तोंडाकडे. मधे काही समजावून सांगायचं नाही, कितीही जीव तुटला तरी! संपल्यावर 'आवडली का' विचारायचं नाही. 'काय झालं ते मला सांगा' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. तो जी गोष्ट सांगेल ती तुझी फिल्म. तू केलेली नाही, त्याला दिसलेली.

खिडकीपाशी
एक भर: मोबाइलवर त्यांचे चेहरे शूट करणार असाल तर आधी विचारा. आणि एकट्या बाईच्या घरात कुणीतरी शिरतंय असा विषय आहे हे बघायच्या आधी सांगा. कुणाच्या आयुष्यात काय होऊन गेलंय आपल्याला माहीत नसतं. सांगितल्याने परिणाम जरा कमी होईल, होऊ दे.

मोडका_पंखा
आणि सर्टिफिकेट? फाइलमध्ये वयोगट लिहिताना तेही बघतात. भारतात आता यूए (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या फिल्म) मध्येच ७+, १३+, १६+ असे भाग झालेत, ब्रिटनमध्ये १२ए, १५, १८ आहेत. '१५ ते ३५' लिहिलंय आणि फिल्ममध्ये रक्ताचं थारोळं असेल तर पंधरावाला कटाप होऊ शकतो.

रात्रपाळी
@मोडका_पंखा रक्त नाहीये, बजेटच नव्हतं 😬 सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. पुढच्या आठवड्यात लोक बसवते आणि येऊन सांगते.

आगाऊ_कार्टा
'येऊन सांगते' म्हणून गेलेले धागाकर्ते परत आल्याचा इतिहास नाही.

रात्रपाळी
आले! नऊ दिवस लागले पण आले.

पाच जणांना एकेकटं बसवलं. वर्गातलं कुणी नाही. एक माझा मामेभाऊ (१९), खालच्या मजल्यावरच्या काकू (पन्नाशीच्या पुढच्या), एडिटरच्या ताईची मैत्रीण, ती नर्स आहे आणि एकटी राहते, एक शाळेतली जुनी मैत्रीण आणि एक रिटायर्ड काका, बायको गेल्यापासून एकटे असतात. मी पडद्याच्या बाजूला स्टूल घेऊन बसले आणि कागदावर वेळा टिपल्या.

आधी वाईट बातमी. २:४० ला माझा लाडका २२ सेकंदांचा पॅसेज. पाचापैकी तिघांनी त्याच वेळी दुसरीकडे बघितलं. मामेभावाने तर फोन उलटा करून वेळ बघितली. मी तिथेच बसलेले असताना!! एडिटर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघून खोकला. शॉट आता नऊ सेकंदांचा आहे.

पावलांचं @कट_टू म्हणाले तस्संच. फोन टेबलावर ठेवून ऐकलं तर शांतता. करकर टाकली.

आता खरी गोष्ट. 'काय झालं ते सांगा' म्हटल्यावर काकू, मामेभाऊ आणि मैत्रीण तिघांनीही मुलीपासून सुरुवात केली, ती घाबरली, तिला भास होत असणार, तिला कुणीतरी फसवतंय. आणि नर्स आणि काका, दोघांनीही दारापासून! नर्सचं पहिलंच वाक्य, 'तिने आल्यावर कडी लावलीच नाही, लॅच ओढलं फक्त.' आम्हाला चौघांना हे माहीतच नव्हतं, त्या दिवशी कडी हलत नव्हती म्हणून तसंच शूट केलं होतं. काकांनी पण तेच, म्हणाले मी सगळा वेळ दाराकडेच बघत होतो, पोरगी काय करतेय ते नीट बघितलंच नाही. माझ्या कागदावर १:१५ ला दोघांपुढेही 'पुढे सरकले' लिहिलंय, आणि १:१५ ला फिल्ममध्ये काय होतं तर ती नुसती घरात येते. आम्हाला तो फिलर शॉट वाटत होता.

नर्स तिशीच्या आतली, काका सत्तरीचे. वय बघितलं असतं तर दोघांना एका रकान्यात कुणी टाकलं असतं? तर आता फाइलमध्ये '१५ ते ३५' खोडून लिहावंसं वाटतंय: 'जे एकटे राहतात किंवा कधीतरी एकटे राहिलेत असे लोक.' आणि कडीचा शॉट क्लोजमध्ये परत घ्यायचा, म्हणजे बाकीच्यांनाही दार दिसेल.

आकडेमोड
उत्तम काम. पण दोन माणसांवरून 'निष्कर्ष' लिहू नका, 'शंका' लिहा. पुढच्या पाचात मुद्दाम तीन एकटे राहणारे आणि दोन भरल्या घरातले घ्या, आणि वेळा टिपणाऱ्याला कोण कुठला ते सांगू नका, म्हणजे जे बघायचंय तेच दिसायचा धोका कमी. कडी क्लोजमध्ये घेतली तरी जुना शॉटही जपून ठेवा, कुणाला कुठला दाखवला ते लिहा.

खिडकीपाशी
वा गं. '१:१५ ला पुढे सरकले' ही ओळ जशीच्या तशी फाइलमध्ये घाल, पाय चार्ट काढून टाक.

भोचक_भवानी
कडीची आयडिया प्रेक्षकाने दिली आणि ती चांगली आहे हे मान्य करते, पण ती विचारून मिळालेली नाही, बघून मिळालीये, त्यामुळे मी हरलेली नाही. हलके घ्या.

पडद्यामागचा
घेतलं :) २२ सेकंदांच्या शॉटला श्रद्धांजली.

मठ्ठ_मांजर
पण मग वरच्या मजल्यावर होतं कोण?

रात्रपाळी
शेवट सांगत नाही म्हटलं ना.

मोडका_पंखा
सांगितलास तरी मजा जात नाही. २०११.